दोन साक्षींचा डोंगर

नरहरपंत देऊळगावकरांनी अकरा वर्षांत कळसूबाईवर चढायचे अकरा मार्ग ठरवले आणि एकदाही हैदराबादच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. मार्ग ठरवायचा दिवस मात्र कधी चुकला नाही. भाऊबीज. ओवाळून झालं की कपाळावरचा टिळा वाळायच्या आत ते काखेतली गुंडाळी सोडत आणि आमच्या पलंगावर नकाशा पसरत. त्याच्या चार कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, माझा शब्दकोश आणि चकल्यांचा डबा ठेवत. मग मांडी घालून म्हणत, "हां, बोला. यंदा कुठून चढायचं?"

नारायणगुड्यात आम्ही एकाच घरात राहत होतो. पंत आणि अंबूवहिनी वर, मी आणि माझी बायको शांता खाली. मी शाळेत मराठी शिकवत असे. पंत जमीनमोजणीच्या कचेरीत नक्शानवीस होते, म्हणजे नकाशे काढणारे. उंच, किडकिडीत माणूस, डोक्यावर काळी टोपी आणि दोन्ही कानांमागे एकेक पेन्सिल. डाव्या कानामागची मऊ शिशाची, उजव्या कानामागची कठीण. मऊ पेन्सिल ऐकीव गोष्टींसाठी, कठीण पेन्सिल खात्रीच्या गोष्टींसाठी. शाई फक्त सत्यासाठी. दूधवाला म्हणाला, "उद्या लवकर येतो," की पंत नकळत डाव्या कानाकडे हात नेत.

त्यांची अडचण अशी होती, की कचेरीतले नकाशे निजामाच्या जुन्या हद्दीपाशी संपत. औरंगाबादेकडे नद्या, नाले, विहिरी, चिंचेचं एकेक झाडसुद्धा दाखवलेलं. आणि हद्द ओलांडली की कोरा पांढरा कागद. पलीकडे मुंबई इलाखा. तिथलं आमच्या दफ्तराला काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. पंतांना तो कोरा कागद सहन होत नसे. "इतका मोठा डोंगर उभा आहे तिथं," ते म्हणत, "आणि आपण कागदावर त्याला मैदान करून ठेवलंय. हे बरं दिसतं का?"

म्हणून त्यांनी तो डोंगर स्वतःच काढायला घेतला, माणसांना विचारून विचारून. दर रविवारी सकाळी ते काचीगुड्याच्या स्टेशनावर मनमाडच्या गाडीला जात. उतरणाऱ्या माणसाच्या पागोट्यावरून, वहाणांवरून तो कुठला असेल याचा अंदाज बांधत आणि त्याला गाठत. "घोटी, इगतपुरी, अकोल्याकडचे काय हो? या, चहा घेऊ." माणूस चहा प्यायला, की त्याच्या पोटातून एखादी खिंड, एखादा ओढा, एखादी पायवाट बाहेर पडे आणि पंतांच्या नकाशावर मऊ पेन्सिलीनं उमटे. तीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या माणसानं आपणहून सांगितली, तरच शाई. "दोन साक्षी पाहिजेत," हा त्यांचा कायदा होता. एका कापडाच्या व्यापाऱ्यानं शिखरावर हॉटेल असल्याचं सांगितलं होतं. ते हॉटेल दोन वर्षं शिखरावर पेन्सिलीत उभं होतं. दुसरा साक्षीदार मिळेना, तेव्हा पंतांनी जड मनानं ते खोडलं.

या कायद्याला अपवाद एकच होता. माझी बायको.

शांता कळसूबाईच्या पायथ्याच्या गावची. आईबाप लहानपणीच गेले, भाऊ-बहीण नव्हतं. चुलत्यानं तेराव्या वर्षी लग्न करून दिलं आणि ती इतक्या लांब माझ्या घरी आली. पुढं चुलताही गेला. माहेरी बोलावणारं कुणी उरलं नाही. त्यांच्या घरची रीत होती, की मुलीनं लग्नानंतर एकदा डोंगरावर जाऊन देवीची ओटी भरायची. तिची ती राहिली होती. लहानपणी आलेल्या तापानं तिचं हृदय कमजोर करून ठेवलं होतं, आणि डॉक्टरांनी चढाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं होतं. पंतांना बहीण नव्हती. आम्ही त्या घरात राहायला गेलो त्या वर्षीच्या भाऊबीजेला ते जिना उतरून आले आणि दारातच म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरी पाटाची सोय आहे काय? आमच्याकडं पाट आहे, पण ओवाळायला कुणी नाही." ते तिच्यापेक्षा बारा-चौदा वर्षांनी मोठे, तरी तिला ताई म्हणत. ती त्यांना दादा म्हणे.

बैठकीला आम्ही चौघं असू. पंत, मी, शांता आणि पंतांच्या कचेरीतले करीमसाहेब. अंबूवहिनी बैठकीत बसत नसत. त्या दारात उभ्या राहून विरोधी पक्ष चालवत.

मी एखादी वाट सुचवली की पंत पहिला प्रश्न विचारत, "पाणी कुठं?"

"सोंडेवरून गेलं तर वाट थोडी जवळची पडेल..."

"ते असू द्या. पाणी कुठं? चढायला काय, कुणीही चढतो. थांबायचं कुठं ते सांगा." मग ते शांताकडे वळत. "ताई, तुमच्या गावामागं झरा होता म्हणालात. तो किती लांब?"

शांता डोळे मिटून आठवे. "खूप लांब, दादा. आम्ही पोरी सकाळी निघायचो ते उन्हं वर येईतो चालतच असायचो."

पंत ते लगेच शाईनं लिहीत. करीमसाहेबांनी एकदा हरकत घेतली. "क्या पंत, बाकी लोगां को दो गवाह, और बहन को एक भी नको?"

"ताईला साक्ष लागत नाही," पंत म्हणाले आणि टीपकागद दाबला.

त्यांच्या मार्गांचा मोठा दोष म्हणजे थांबे. दर फर्लांगावर थांबा. झाडाखाली थांबा, खडकाच्या सावलीत थांबा, ओढ्याकाठी थांबा. दुसरी माणसं दिवसात चढून उतरतात त्या डोंगराला पंतांच्या मार्गानं पाच दिवस लागत. सरळ चढाच्या वाटा ते पाहतच नसत. एकाला वळसा घालून दुसऱ्यावर, असे तीन डोंगर ते घेत. का, तर चढ सौम्य लागतो. मी त्यांना म्हणायचो, "पंत, या चालीनं निघालो तर शिमगा तिथंच करावा लागेल." करीमसाहेबांचं म्हणणं, "यूँ रुक रुक के चले तो पहाड खुद उतर के मिलने आता." अंबूवहिनी दारातून म्हणत, "यांचा डोंगर कागदावरच बरा. धोतर मळत नाही."

पंत रागावत नसत. "हसा. खुशाल हसा. दम लागल्यावर कळेल."

मार्ग ठरला की तालीम सुरू होई. एका रविवारी ते मला आणि करीमसाहेबांना मौला अलीच्या टेकडीवर घेऊन गेले. माझ्या पाठीवर वळकटी, करीमसाहेबांच्या हातात स्टोव्ह, आणि पंतांच्या हातात कचेरीतली मोजणीची साखळी. पायऱ्या किती आणि दम किती, हे त्यांना मोजायचं होतं. साखळी पसरताच आजूबाजूच्या घरांतून माणसं जमली. सरकारी साखळी दिसली म्हणजे रस्ता होणार आणि घरं जाणार, हे तिथल्या माणसांना शिकवावं लागत नाही. एक बाई कडेवर पोर घेऊन पुढं आली. "साब, हमारा घर भी जाता क्या?"

"नाही हो. कुणाचंच घर जात नाही," पंत म्हणाले.

"फिर नापते कायकू?"

पंतांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी तिला कळसूबाईपासून सगळं समजावून सांगितलं. माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक म्हातारा शेवटी म्हणाला, "पहाड वहाँ है, तो साब यहाँ नापरे?" घरं जात नाहीत एवढ्या आनंदात लोकांनी आम्हाला चहा पाजला, आणि आमची तालीम तिसऱ्या थांब्यावरच आटोपली.

दौरा रद्द व्हायला दर वर्षी कारण मिळे. एका वर्षी शहरातच दंग्याधोप्याचे दिवस होते, घराबाहेर पडायची सोय नव्हती. एका वर्षी रजा मिळाली नाही. एका वर्षी मिळाली, तर पंतांनीच मार्गशीर्षात जाहीर केलं, "नाही जमत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्याच्या मधे अंतर फार आहे." कारणं अशी असत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला जायचंच नाही. मलाही तसंच वाटे. ठरवण्यात ज्याला गोडी आहे त्याला जाण्यात नसते, असं मी एकदा शांताला म्हणालो. ती तांदूळ निवडत राहिली.

छप्पन साली, श्रावणात, शांता गेली.

त्याच सुमारास हैदराबाद राज्य मोडत होतं. भाषेप्रमाणे त्याचे तीन वाटे व्हायचे होते, आणि पंतांच्या कचेरीत कपाटांचे, टेबलांचे आणि माणसांचेही वाटे पडत होते. मराठी मुलखाचे नकाशे एका ढिगात, कानडीचे दुसऱ्या, तेलुगूचे तिसऱ्या. पंतांचा हुकूम औरंगाबादेचा निघाला. करीमसाहेब इथंच राहणार होते. पंचवीस वर्षं समोरासमोर बसलेली ती दोन माणसं आता एकमेकांना आपापल्या शाईच्या दौती देऊ लागली होती, असं वहिनी सांगत. मी तेव्हा फारसं ऐकत नव्हतो. शाळेत जात होतो, येत होतो. घरी पुस्तक उघडून बसलो तरी पान उलटत नसे.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला पंत खाली आले नाहीत. मी दिवा लावला आणि बसून राहिलो. वर त्यांच्या खोलीत येरझाऱ्या ऐकू येत होत्या. जिन्यापर्यंत येत आणि मागं फिरत. महिन्याअखेर त्यांना औरंगाबादेत हजर व्हायचं होतं. ते असेच निघून गेले, तर शांताविषयी बोलता येईल असं एकही माणूस मला या शहरात उरणार नव्हतं. आणि हे मी जिना चढून त्यांना सांगू शकत नव्हतो.

चार दिवसांनी, दुपारी, तेच आले. काखेत एक नाही, मोठा भारा होता. पलंगाकडे न जाता त्यांनी जमिनीवरच सगळं पसरलं. चार कोपऱ्यांवर ठेवायला त्यांनी काही मागितलं नाही. गुडघ्यानं कागद दाबून धरला.

"मास्तर, चूक झाली," ते म्हणाले.

"कसली चूक?"

"आता हद्द उरली नाही ना. जोडणीसाठी पलीकडचे छापील तक्ते आले कचेरीत. पहिला हाच उघडला." त्यांनी छापील नकाशाशेजारी स्वतःचा ठेवला. आश्चर्य वाटावं इतके ते सारखे होते. चहा पाजून गोळा केलेला तो डोंगर सोंडेला सोंड, खिंडीला खिंड जुळत होता. फक्त एका जागी पंतांच्या कागदावर रिकामं रान पसरलं होतं, आणि छापील नकाशावर ते नव्हतंच.

"झरा," पंत म्हणाले. "ताईचा झरा. मी चार मैलांवर काढला होता. तो गावाच्या पाठीशी आहे, अर्ध्या मैलावर. ताई लेकरू होती तिथून निघाली तेव्हा. लेकराचं लांब ते किती लांब, हे मला समजायला पाहिजे होतं की नाही? इतकी वर्षं नोकरी करतोय. दुसरी साक्ष काढली नाही." त्यांनी झऱ्यावर बोट ठेवलं. "पाणी इतकं जवळ असेल तर गावातूनच वाट धरता येते. पहिला मुक्काम झऱ्यावर. तिथून डोली. नेली असती मी तिला."

मी नकाशे उचलून पाहू लागलो. अकराही होते. प्रत्येकाच्या समासात, अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ होती. पहिल्यावर: 'ताई. जिना, पायऱ्या बावीस. थांबा नाही.' तिसऱ्यावर: 'पायऱ्या बावीस. थांबा एक.' पुढं दोन. पुढं तीन. गेल्या वर्षीच्या नकाशावर: 'पायऱ्या बावीस. थांबे सहा.'

शांता गच्चीवर वाळवण घालायला त्यांच्या दारावरून जायची. ते मोजत होते. त्या मोजण्यावरून डोंगरावरचे थांबे बसवत होते. आणि दर वर्षी थांबे वाढत, पाण्याची जागा पुरेनाशी होई, म्हणून दौरा रद्द. मी त्याच जिन्याखाली राहत होतो. मी कधी मोजलं नव्हतं.

मी म्हणालो, "पंत, तिला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"झरा कुठं आहे ते. तुम्ही मोजता तेही माहीत असणार. एकदा पोळ्या लाटता लाटता ती मला हसून म्हणाली, 'यंदा मी झरा खिंडीपलीकडं नेऊन ठेवला.' मी म्हटलं, 'बिचाऱ्यांना कशाला फसवतेस?' तर म्हणाली, 'झरा सापडला तर दादा मला उचलून नेतील. मला ते जमायचं नाही, आणि दादांना नाही म्हणणंही जमायचं नाही. शिवाय, झरा सापडला तर पुढल्या वर्षी ते मला विचारतील काय? माझ्या गावचं विचारणारं दुसरं आहे कोण?'"

मला वाटलं, सांगायला नको होतं. पंतांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे ताईनं खोटी साक्ष दिली."

"हो."

"अकरा वर्षं."

"हो."

"आणि मी शाईनं लिहीत गेलो." त्यांच्या नाकातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता हे मला दोन क्षणांनी समजलं. "साहेब लोकांनी, तहसीलदारांनी, मोठमोठ्या जमीनदारांनी माझा नकाशा बदलायचा प्रयत्न केला, मास्तर. कुणाला जमलं नाही." आणि मग ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत हसत राहिले. श्रावणापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर मीच छापील नकाशा जवळ ओढला. "हां, बोला," मी म्हणालो. "यंदा कुठून चढायचं?"

त्यांनी तिन्ही डोंगरांच्या वळशावर बोट ठेवलं, क्षणभर तिथंच ठेवलं, आणि उचललं. "ती वाट आता कशाला? गावातूनच. सरळ. तिची ओटी राहिलीये ती भरू."

"ओटी कोण भरणार?" दारातून आवाज आला. अंबूवहिनी किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "तुम्ही दोघं पुरुष? देवी हसेल. मी येते." आणि पंत काही बोलायच्या आत, "माझे थांबे मोजायचे नाहीत. सांगून ठेवते."

पंतांनी हजर व्हायची मुदत आठ दिवसांनी वाढवून घेतली. करीमसाहेबांना रजा नव्हती, त्यांनी काचीगुड्यापर्यंत येऊन आपला लोकरी मफलर पंतांच्या गळ्यात बांधला आणि बजावलं, "वापस आ के बोलना पंत, ऊपर हॉटेल है कि नै." मनमाडला गाडी बदलली. घोटीहून पुढं मालमोटार, मग बैलगाडी. पंत वाटेभर गाडीवानाला माझ्या वतीनं, वहिनींच्या वतीनं आणि छापील नकाशाच्या वतीनं प्रश्न विचारत होते. डोंगर दिसला तेव्हा मात्र त्यांनी गाडी थांबवायला लावली. सकाळचं धुकं उतरून पायथ्याशी बसलं होतं आणि वरचा सुळका उन्हात होता. तो त्यांच्या कागदापेक्षा फार मोठा होता. नकाशाची सुरळी हातातच राहिली.

गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. चढ दुसऱ्या दिवशी पहाटे करायचा होता. शांताच्या चुलत्याचं घर पडलं होतं. जोत्यावर कुणीतरी पेंढा रचला होता. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. आम्हा तिघांना त्या जोत्यापाशी घोटाळताना पाहून तिनं सूप थांबवलं.

"कोनाचं पाव्हनं म्हनायचं?"

मी तोंड उघडलं. शांताचा नवरा असं म्हणायला कितीशी अक्षरं लागतात. पण ती निघेनात. तेवढ्यात पंत पुढं झाले. मऊ पेन्सिल, कठीण पेन्सिल, दोन्ही कानांमागे होत्या.

"शांताचा भाऊ," ते म्हणाले.

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. तिनं शांताला जन्मल्यापासून पाहिलं असणार. त्या घरात एकच पोर होतं, हे तिला ठाऊक असणार. तिनं पंतांना काळ्या टोपीपासून बुटांपर्यंत सावकाश पाहिलं, मग मला, मग वहिनींच्या हातातला खण-नारळ. वहिनींनी पदर सारखा केला. आता सगळं उलगडून सांगावं लागणार म्हणून मी शब्द जुळवू लागलो.

"लई उशीर केलास रं," म्हातारी म्हणाली.

पंतांनी मान खाली घातली. "हौ."

"मग भाईर का हुबा? भावाला काय आवतन धाडायचं असतं?"

दार ठेंगणं होतं. पंतांनी टोपी काढून हातात घेतली आणि वाकून आत गेले.